सभामंडप आणि तार

विद्वानांची परिषद भरून गेली म्हणजे तिनें काय साधलें हें आपण तिच्या अहवालावरून ठरवितों. किती निबंध वाचले गेले, कोणते ठराव संमत झाले, अध्यक्षांचें भाषण कसें वठलें, इतकें अहवालांत असतें. परंतु जे अशा परिषदांना जाऊन आलेले असतात त्यांना विचारलें तर ते बहुधा निराळेंच कांहीं सांगतात. अमक्याची गांठ पडली, तमक्यानें कामाची आस्थेनें चौकशी केली, घरीं परतल्यावर पत्रव्यवहार सुरू झाला, अशा गोष्टी त्यांच्या स्मरणांत राहिलेल्या असतात. अलीकडे या गांठीभेटींचें बरेंचसें काम समाजमाध्यमांकडे गेलें आहे. परिषदेस कोण कोण येणार हें निघण्यापूर्वींच त्यांवरून कळतें. व्याख्यान चालूं असतांना श्रोते हातांतल्या मोबाईलवरून आपसांत बोलत असतात. आणि मंडप उठला तरी तो संवाद कांहीं काळ चालूं राहतो. याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. या साधनामुळें दूरची माणसें जवळ आलीं, असें एक पक्ष म्हणतो. शेजारच्या खुर्चींत बसलेला मनुष्य मात्र परका झाला, असें दुसऱ्याचें म्हणणें आहे.

या वादाचा निकाल लावण्यापूर्वीं परिषदा आणि दूरसंवादाचीं साधनें यांचा संबंध इतिहासांत कसकसा येत गेला तें पाहणें उपयोगाचें होईल. कारण हा संबंध आपण समजतों तितका नवा नाहीं. विजेच्या तारेनें निरोप पाठविण्याच्या कलेंतील एक आरंभीचा आणि महत्त्वाचा प्रयोग मुळीं एका परिषदेंत पडलेल्या गांठींतून निघाला आहे.

ती परिषद १८२८ सालच्या सप्टेंबरांत बर्लिन येथें भरली. त्या काळीं जर्मनी हें एक राष्ट्र नव्हतें. अनेक लहानमोठ्या राज्यांत तो देश विभागलेला होता, आणि त्याचे विद्वानही गांवोगांवच्या विद्यापीठांतून विखुरलेले होते. त्यांना वर्षांतून एकदां तरी एकत्र आणावें या हेतूनें लोरेन्झ ओकेन यांनीं १८२२ सालीं लाइपझिग येथें निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांचें मंडळ स्थापिलें. दर वर्षीं निराळ्या शहरीं जमावयाचें, असा त्याचा परिपाठ होता. बर्लिनच्या अधिवेशनाचे अध्यक्ष अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हे होते. दक्षिण अमेरिकेंतील प्रवासामुळें त्यांची कीर्ति जगभर पसरलेली होती. उद्‌घाटनाच्या भाषणांत त्यांनीं स्पष्टच सांगितलें कीं, एकाच क्षेत्रांत काम करणाऱ्या माणसांनीं प्रत्यक्ष एकमेकांच्या जवळ यावें, हाच या मंडळाचा मुख्य उद्देश आहे. निबंधवाचन त्यांनीं गौण मानलें असें नाहीं. परंतु छापलेला निबंध घरीं वाचतां येतो आणि माणसाची भेट घरीं बसून होत नाहीं, हा भेद त्यांनीं नीट ओळखला होता.

या अधिवेशनासाठीं हंबोल्ट यांनीं गटिंगेनचे थोर गणिती कार्ल फ्रीडरिश गाऊस यांस आग्रहानें बोलावून घेतलें आणि आपल्याच घरीं ठेवून घेतलें. गाऊस त्या वेळीं ५१ वर्षांचे होते. प्रवासाचा त्यांस मोठा कंटाळा, आणि सभासंमेलनांची हौस त्याहून कमी. त्याच अधिवेशनांत हाले येथून आलेल्या विल्हेल्म वेबर या तरुणानें ध्वनिशास्त्रावर निबंध वाचला. त्याला चोविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. एक कीर्तीच्या शिखरावर, दुसरा नुकताच धडपडूं लागलेला. एक गणिती, दुसरा प्रयोगशाळेंत रमणारा. अधिवेशन झालें नसतें तर या दोघांची गांठ पडण्याचें कांहीं कारण नव्हतें. ती पडली, आणि ज्येष्ठानें कनिष्ठाचा गुण हेरला. पुढें गटिंगेन येथील पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हां १८३१ सालीं वेबर त्या जागेवर आले.

या दोघांनीं पुढें पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास हातीं घेतला. वेधशाळा गांवाच्या कडेला आणि पदार्थविज्ञानाची शाळा गांवांत. दोहोंच्या मध्यें सुमारें एक किलोमीटरचें अंतर. दोन्ही ठिकाणचें काम एका वेळेस जुळावें म्हणून १८३३ सालीं त्यांनीं घरांच्या छपरांवरून तार नेली. एका टोंकाला वीज सोडली कीं दुसऱ्या टोंकाचा लोहचुंबक डावीकडे किंवा उजवीकडे किंचित् हले; या हालचालींच्या जुळणीनें अक्षरें ठरविलीं होतीं. त्या योगें पहिल्यानें सुटे शब्द आणि मग लहान वाक्यें जाऊं लागलीं. तारायंत्राच्या इतिहासांत या प्रयोगाचें स्थान मानाचें आहे. आज एका मंडपांत बसून जे हजारों लोक एकमेकांस चार शब्दांचे निरोप धाडतात, त्यांच्या साधनाच्या वंशावळींत ही गटिंगेनची तार येते. आणि त्या तारेच्या मुळाशीं बर्लिनमधील एक भेट आहे.

या स्नेहाची शाखा आपल्या दारापर्यंतही येऊन पोंचली आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वांतील फेरफार एका ठिकाणाहून कळण्याजोगे नव्हेत. अनेक देशांत एकाच क्षणीं वेध घेतले पाहिजेत. हंबोल्ट, गाऊस आणि वेबर यांनीं याकरितां वेधशाळांचें जाळें विणलें. पुढें इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं ही कल्पना उचलली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखांतही अशा वेधांची सोय झाली. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ सालापासून चुंबकीय वेध घेतले जाऊं लागले. एल्फिन्स्टन विद्यालयाचे अध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखालीं तेथें काम करणाऱ्या तरुणांत केरो लक्ष्मण छत्रे हे एक होते. केरूनाना पुढें पुण्यास गणित व ज्योतिष शिकवूं लागले आणि एका पिढीचे गुरु झाले. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हें वेधांचें काम १९०४ सालीं अलिबागेस नेण्यांत आलें, आणि तेथें तें आजही चालूं आहे. बर्लिनच्या अधिवेशनाच्या अहवालांत यांपैकीं कशाचा मागमूसही सांपडावयाचा नाहीं. परिषदेचें खरें फळ तिच्या अहवालांत मावत नाहीं, तें असें.

भेटीचें माहात्म्य इतकें असेल तर मंडपांतील समोरासमोरचें बोलणें पुरें आहे, मध्यें आणखी साधन कशाला, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याचें उत्तर दुसऱ्या एका परिषदेच्या इतिहासांत आहे.

३ सप्टेंबर १८६० रोजीं जर्मनींतील कार्ल्सरूअ या शहरीं युरोपांतील सुमारें सव्वाशें रसायनशास्त्रज्ञ जमले. केकुले, वूर्ट्स आणि वेल्टसीन या तिघांच्या खटपटीनें ही सभा भरली होती. रसायनशास्त्रांत त्या वेळीं मोठा गोंधळ माजला होता. अणु कशास म्हणावयाचें आणि रेणु कशास, याविषयीं एकमत नव्हतें. अणुभार काढण्याच्या रीति निरनिराळ्या होत्या. साध्या पाण्याचें सूत्रही सर्वजण एकसारखें लिहीत नसत. एकाचें लिहिणें दुसऱ्यास उलगडेना अशी स्थिति झाली, तेव्हां समक्ष बसून उलगडा करावा असें ठरलें. तीन दिवस चर्चा झाली. जेनोव्हाहून आलेले इटालियन शास्त्रज्ञ स्तानिस्लाओ कॅनिझारो यांनीं आपला पक्ष मोठ्या हिरीरीनें मांडला. अॅव्होगाड्रो या आपल्या दिवंगत देशबंधूचा १८११ सालचा सिद्धान्त मानला तर सर्व घोंटाळा सुटतो, असें त्यांचें म्हणणें होतें. तरीही सभेंत निर्णय झाला नाहीं. शास्त्रांतील सत्य हात वर करून ठरवितां येत नाहीं, असें म्हणून मंडळी पांगूं लागली.

निघतेवेळीं एक लहानशी गोष्ट घडली. कॅनिझारो यांचे मित्र अँजेलो पावेसी यांनीं उपस्थितांना एक पातळशी पुस्तिका वांटली. कॅनिझारो यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस शिकविलेल्या पाठांचा तो सारांश होता आणि १८५८ सालीं तो प्रथम छापला गेला होता. लोथार मायर या तरुण जर्मन शास्त्रज्ञानें आपली प्रत खिशांत घातली, वाटेंत वाचली, घरीं गेल्यावर पुन्हां वाचली. आणि सभेंतील तीन दिवसांच्या वादानें जें पटलें नव्हतें तें त्या थोड्या पानांनीं पटविलें. १८६४ सालीं त्याच पायावर त्यांनीं आपला ग्रंथ रचला. त्याच सभेस रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीएव्ह हजर होते. तेही येथूनच शुद्ध अणुभारांची कल्पना घेऊन गेले, आणि १८६९ सालीं त्यांनीं मूलद्रव्यांची सारणी प्रसिद्ध केली.

या प्रसंगाचें मर्म असें कीं, केवळ पुस्तिकेनें हें झालें नाहीं व केवळ सभेनेंही झालें नाहीं. तो सारांश दोन वर्षें छापून पडला होता, पण ज्यांनीं वाचावयाचा त्यांच्या हातीं फारसा गेला नव्हता. सभेनें वाचकाच्या मनांत प्रश्न जागा केला, लेखकाची मुद्रा आणि आवाज यांची ओळख करून दिली. आणि मग पुस्तिकेनें सवडीनें उत्तर दिलें. बोलण्याच्या भरांत जें मनावर ठसत नाहीं तें शांतपणें ठसविण्यास दुसरें साधन लागतें. त्या साधनाकडे वळावें अशी इच्छा मात्र भेटीनें उत्पन्न होते.

आतां आपल्या काळाकडे वळूं. २००६ सालीं अमेरिकेंत ट्विटर नांवाचें माध्यम निघालें. १४० अक्षरांहून मोठा मजकूर त्यांत लिहितां येत नसे. पहिल्या वर्षीं त्याचा फारसा बोलबाला नव्हता. मार्च २००७ मध्यें टेक्सास राज्यांतील ऑस्टिन शहरीं साउथ बाय साउथवेस्ट हा वार्षिक मेळा भरला. तेथील परिषदेच्या दालनांबाहेर ट्विटरच्या चालकांनीं मोठे पडदे लावले आणि लोकांचे निरोप त्यांवर झळकूं लागले. कोणतें व्याख्यान रंगलें, कोणती मंडळी कोठें जमली, हें जातां येतां दिसूं लागलें. रोजच्या निरोपांची संख्या त्या दिवसांत सुमारें २०,००० वरून ६०,००० वर गेली. या माध्यमाचा पहिला मोठा प्रसार परिषदेंत व्हावा हा निव्वळ योगायोग नव्हता. जे एका जागीं आहेत, एकच भाषण ऐकत आहेत, त्यांना १४० अक्षरें पुरतात. उरलेला अर्थ सर्वांच्या समोरच असतो.

त्याच वर्षीं २३ ऑगस्ट रोजीं ख्रिस मेसिना यांनीं एक सूचना केली. एका विषयावर लिहिणाऱ्यांचें लिखाण एकत्र सांपडावें म्हणून विषयाच्या शब्दाआधीं दोन उभ्या व दोन आडव्या रेघांचें चिन्ह घालावें, एवढीच ती सूचना. हेंच पुढें हॅशटॅग या नांवानें जगभर रूढ झालें. त्यांनीं उदाहरणादाखल घेतलेला शब्द होता बारकॅम्प, आणि तें एका संमेलनाचें नांव आहे. प्रकाशक टिम ओरायली हे निवडक मंडळींना बोलावून एक संमेलन भरवीत; निमंत्रणावांचून तेथें प्रवेश नसे. ज्यांना निमंत्रण नव्हतें अशा कांहींनीं २००५ सालच्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें आपलें निराळें संमेलन उभारलें. इंटरनेटवरूनच त्यांनीं एकमेकांस हांक दिली आणि आठवड्याच्या आंत सर्व तयारी केली. येईल त्यास मुभा आणि आलेल्यानें कांहीं तरी सांगितलें पाहिजे, असा त्याचा शिरस्ता. मेसिना त्याच्या चालकांपैकीं एक होते. हॅशटॅगचा जन्म अशा रीतीनें उघड्या दाराच्या संमेलनाशीं निगडित आहे.

मात्र दार उघडें झालें म्हणजे सौजन्यही आपोआप आंत येतें असें नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें न्यूयॉर्क येथील एका मोठ्या परिषदेंत समाजमाध्यमांच्याच अभ्यासक डॅना बॉइड यांचें भाषण होतें. त्यांच्या पाठीमागील पडद्यावर श्रोत्यांचे निरोप दिसत होते. सर्वांस ते दिसत. दिसत नव्हते ते फक्त बोलणाऱ्या बाईंना. निरोपांत टवाळी सुरू झाली, श्रोते हंसूं लागले, आणि आपण काय चुकलों हें वक्त्यास कळेना. त्यांचें भाषण विस्कटलें. पुढें त्यांनीं स्वतःच या प्रसंगाची मीमांसा लिहून प्रसिद्ध केली. जें साधन दोघांमधला पूल व्हावें तेंच एकाच्या पाठीमागें धरलें कीं त्याची भिंत होते. गटिंगेनच्या तारेला दोन टोंकें होतीं, आणि दोन्हीकडे ऐकणारा मनुष्य होता. या पडद्याला एकच टोंक होतें.

जे मंडपांत आलेच नाहींत त्यांचा विचार केल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. परिषदेस जाण्यास भाडें लागतें, रजा लागते, परदेशीं जावयाचें तर परवाना लागतो. आणि या सर्वांच्या आधीं आपणांस तेथें स्थान आहे असा भरंवसा लागतो. हा भरंवसा नसला म्हणजे काय होतें याचें आपल्याकडील उदाहरण प्रसिद्धच आहे. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानें १८७८ सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ सालच्या दुसऱ्या सभेचें निमंत्रण जोतीराव फुले यांस गेलें. त्यांनीं तें नाकारलें आणि आपली कारणें पत्रानें कळविलीं. शूद्रादि-अतिशूद्रांचे मनुष्य म्हणून असलेले हक्क जे मनापासून मानीत नाहींत, त्यांच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्याशीं मेळ बसत नाहीं, असा त्यांचा आशय होता. तें पत्र ज्ञानोदयांत छापलें गेलें. त्या सभेंत कोण काय बोललें हें आज थोड्यांनाच ठाऊक आहे. न आलेल्या माणसाचें पत्र मात्र मराठी साहित्याच्या इतिहासांतून काढून टाकतां येत नाहीं. सभेबाहेरच्या माणसास बोलण्याचें साधन मिळालें आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखें असलें, तर तोही परिषदेचा भागीदार होतो. कित्येकदां तो तिचा परीक्षकच ठरतो.

समाजमाध्यमांनीं हें साधन पुष्कळांच्या हातीं दिलें, यांत संशय नाहीं. २०१५ सालीं समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासकांनीं एक संपूर्ण परिषदच ट्विटरवर भरविली. प्रत्येकानें आपलें संशोधन ठराविक थोड्या निरोपांत मांडावयाचें, आणि दूरदूरच्या बेटांवर व किनाऱ्यांवर काम करणाऱ्यांनीं जागच्या जागीं प्रश्न विचारावयाचे. २०२० सालीं करोनाच्या साथीनें मंडपच बंद पडले, तेव्हां जगांतील बहुतेक परिषदा पडद्यावर गेल्या. ज्यांना पूर्वीं कधीं जातां आलें नव्हतें अशा कित्येकांनीं त्या वर्षीं त्या पाहिल्या. परंतु भाषण ऐकून झाल्यावर बाहेर चहाच्या पेल्यासह जें बोलणें होतें तें पडद्यावर साधेना, ही तक्रारही त्याच वर्षीं सर्वत्र ऐकूं आली. हंबोल्ट यांनीं ज्याला मुख्य म्हटलें होतें त्याचीच उणीव भासली.

या सर्व प्रसंगांत जे संबंध टिकाऊ ठरले त्यांच्या मुळाशीं तीन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, देण्यासारखें कांहीं तरी जवळ होतें. वेबर निबंध घेऊन आले होते, कॅनिझारो पुस्तिका. दुसरी ही कीं, बहुतेक ठिकाणीं दोघांची गांठ घालून देणारा तिसरा मनुष्य होता. हंबोल्ट यांनीं गाऊस यांना घरीं आणलें नसतें किंवा पावेसी यांनीं प्रती वांटल्या नसत्या, तर पुढचें कांहींच घडलें नसतें. दुसऱ्याचें काम तिसऱ्याच्या नजरेस आणून देणें ही विद्वत्तेच्या व्यवहारांतील मोठी उदार सेवा आहे, आणि समाजमाध्यमांनीं ती जितकी सोपी केली तितकी दुसऱ्या कशानेंही केली नाहीं. तिसरी गोष्ट म्हणजे परिषदेनंतरचा काळ. बर्लिनची भेट आणि वेबर यांचें गटिंगेनला येणें यांत तीन वर्षें गेलीं. मायर यांनीं पुस्तिका एकदां वाचून टाकून दिली नाहीं. मंडपांत शंभर माणसांचीं नांवें यादींत जोडून घेणें सोपें आहे. त्यांतील दोघांचें लिखाण वर्षभर मनापासून वाचणें हेंच अवघड, आणि फळ तेथेंच आहे.

साधनें मात्र कायमचीं नसतात. वेबर यांना १८३७ सालीं आपली जागा गमवावी लागली. हॅनोव्हरच्या राजानें राज्यघटना रद्द केली आणि तिचा निषेध करणाऱ्या सात अध्यापकांना काढून टाकलें. त्यांत ते होते. १८४५ सालीं वीज पडून छपरांवरची ती तारही नष्ट झाली. अलीकडे ट्विटरचीही मालकी २०२२ सालच्या ऑक्टोबरांत बदलली, पुढील वर्षीं त्याचें नांवही एक्स असें झालें, आणि कित्येक अभ्यासक तेथून उठून अन्यत्र गेले. ज्यांच्या ओळखी केवळ त्या यादींत होत्या त्यांच्या तेथेंच राहिल्या. ज्यांनीं एकमेकांचें काम वाचलें होतें, एकमेकांस पत्रें लिहिलीं होतीं, त्यांना नवा पत्ता शोधावयास वेळ लागला नाहीं. वेबर १८४९ सालीं गटिंगेनला परत आले, तेव्हां तार राहिली नव्हती. गाऊस मात्र तेथेंच होते.